हरळी की रुईची म्हातारी? स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन लहान कसं झालं

"बेन, आखुं काढवानी जरूर नथी." म्हणजे, ताई, अख्खं काढायची गरज नाही.

सर्जननी कागदावर एक गोल काढला, वरच्या कोपऱ्यात मुगाएवढा ठिपका दिला आणि ठिपक्याभोवती पेन फिरवून दाखवलं: एवढंच काढायचं. आत्याची गाठ सोनोग्राफीत चौदा मिलीमीटर, बायोप्सीत कॅन्सर, वय एकसष्ट. त्या रात्री वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारच्या घरी सगळे जमले तेव्हा त्या कागदावर कोणाचाच विश्वास बसत नव्हता. थोरले काका म्हणाले, "काढायचंच तर मुळासकट काढा. या वयात ठेवून काय करायचंय?" आतेभावाला वाटत होतं की डॉक्टर हात राखून बोलतायत, दुसऱ्याला दाखवू. आत्या गप्प होती. कागद उलटासुलटा करून बघत होती. शेवटी मला म्हणाली, "तू शाळेत हेच शिकवतेस ना? मग मला नीट सांग. थोडंच काढून कसं चालेल?"

मी जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण प्रश्न मला विचारलेला होता, म्हणून मी वाचायला बसले. वाचता वाचता एका माणसाच्या आयुष्याशी येऊन थांबले: उंबेर्तो व्हेरोनेसी, इटलीतल्या मिलान शहराचे कॅन्सर सर्जन. आत्याच्या कागदावरचा तो छोटा गोल डॉक्टरांनी हिमतीने काढला, त्यामागे या माणसाचं फार मोठं काम आहे. हेच व्हेरोनेसी आरोग्यावर सामान्य वाचकांसाठी पुस्तकं लिहीत, टीव्हीवर बोलत, काय खावं काय खाऊ नये ते सांगत. सर्जन, संशोधक आणि लोकप्रिय लेखक, असे तिघं एकाच कोटात. आणि माझं म्हणणं असं की या तिघांचा प्रत्येक शब्द सारख्या वजनाचा नसतो, हे कळलं तर घरात कॅन्सर आल्यावर कोणाचं काय ऐकायचं हे ठरवणं बरंच सोपं जातं.

हे आत्ता लिहिण्याचं कारणही आहे. २०२४च्या नोव्हेंबरात एका माजी क्रिकेटपटूने पत्नीचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर खाण्यापिण्याच्या पथ्याने बरा झाल्याचं सांगितलं, तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांना सही करून निवेदन काढावं लागलं की असं मानून उपचार लांबवू नका. तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर अजूनही फिरतो. निवेदन एकदाच आलं होतं.

"मुळासकट" आलं कुठून?

काकांचं म्हणणं त्यांच्या मनचं नाही. ते शंभराहून जास्त वर्षं जुनं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड नावाचे सर्जन होते. १८९४ मध्ये त्यांनी आपल्या ५० रुग्णांची हकिकत छापली. पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या लसीकाग्रंथी ते एकत्रच काढत. लसीकाग्रंथी म्हणजे शरीरातल्या बारक्या गाळण्या. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते यांच्याच सुजण्याने.

हॉलस्टेड यांच्या डोळ्यांसमोर कॅन्सर होता तो हरळीसारखा. अंगणात हरळी माजली की ती एका जागेवरून जमिनीलगत पुढे पुढे सरकते. वरवर उपटली तर आठवड्यात परत येते. म्हणून माळी दोन हात लांबपर्यंत खणतो. कॅन्सरही गाठीतून शेजारी, शेजारून काखेत आणि तिथून पुढे असा पायरी-पायरीने जात असेल, तर शेवटच्या मुळीपर्यंत खणायलाच हवं. त्या काळात गाठ मोठी झाल्यावरच बाई डॉक्टरकडे येई, आणि पूर्वीच्या ऑपरेशनांनंतर कॅन्सर त्याच जागी परत उगवत असे. हॉलस्टेड यांनी ते पुष्कळ कमी केलं. त्यांना नावं ठेवायची नाहीत.

किंमत मात्र बायकांनी मोजली. छाती खोलगट, बरगड्या कातडीखाली दिसणाऱ्या, हात खांद्यापासून सुजलेला. आमच्या पणजीच्या पिढीत एका बाईचं असं ऑपरेशन झालं होतं म्हणे. तिच्याबद्दल घरात कुजबुजूनच बोलत, आणि "आखं काढलं" यापलीकडे त्या आजाराला नावही नव्हतं. जवळजवळ ऐंशी वर्षं जगभर हाच मुख्य उपचार होता.

दुसरं चित्र: रुईची म्हातारी

विसाव्या शतकाच्या मध्यावर काही डॉक्टरांना एक गोष्ट टोचू लागली. इतकं खोल खणूनही कित्येक बायकांचा कॅन्सर काही वर्षांनी हाडात, फुप्फुसात, यकृतात निघत होता. छातीवर काहीच नाही, आणि दूर मात्र रोग. हरळी अशी वागत नाही.

अशी वागते रुईची म्हातारी. उन्हाळ्यात रुईचं बोंड तडकतं आणि पांढऱ्या केसांचं बी वाऱ्यावर निघतं. लहानपणी आम्ही सूरसागरच्या काठाने त्याच्यामागे पळायचो. ते बी शेजारच्या कुंडीत पडत नाही, तीन गल्ल्या पलीकडे पडतं. अमेरिकेत पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर यांनी मांडलं ते साधारण असंच: काही कॅन्सरच्या पेशी गाठ लहान असतानाच रक्तातून निघून गेलेल्या असतात.

आता इथे जरा थांबून विचार करा. आत्यालाही मी इथेच थांबवलं होतं. बी उडून गेलं असेल, तर झाडाभोवतीची जमीन कितीही खणली तरी ते हाती लागणार नाही. त्यासाठी सगळ्या शरीरात पोचणारं औषध हवं. आणि बी उडालंच नसेल, तर झाड आणि आजूबाजूची थोडी माती काढली की काम झालं. दोन्ही बाजूंनी पाहिलं तरी मोठ्या खड्ड्याने जास्तीचं काही मिळत नाही.

आत्या म्हणाली, "ऐकायला पटतंय गं. पण मुळासकटवालं पण पटत होतं की."

बरोबर होतं तिचं. पटणं हा पुरावा नव्हे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स यांनी १९२०च्या दशकातच लहान ऑपरेशन आणि रेडियम या किरणोत्सारी धातूच्या सुया असा उपचार करून पाहिला होता, आणि त्यांच्या रुग्ण बऱ्यापैकी जगल्याही होत्या. बहुतेकांनी तिकडे लक्षच दिलं नाही. कारण "यांनी सोप्या केसेस निवडल्या असतील" या शंकेला केन्स यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मिलानमधल्या चिठ्ठ्या

व्हेरोनेसींचा जन्म १९२५ सालचा, मिलानचा. लहानपणीच वडील गेले. पुढे मिलानच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत ते सर्जन झाले आणि १९७५ पासून तिचे संचालक. छातीवर रोज मोठी ऑपरेशनं करणारा माणूसच म्हणू लागला की आपण बायकांचं गरजेपेक्षा जास्त कापतोय. सर्जनच्या तोंडी हे वाक्य सोपं नव्हतं. लहान ऑपरेशन केलं आणि बाई दगावली, तर दोष थेट त्याच्यावर येणार होता.

पण व्हेरोनेसी नुसतं म्हणून थांबले नाहीत. १९७३ मध्ये त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या.

चिठ्ठ्या कशाला? समजा, आमच्या भिशीत दोन बायका पापड करतात. एकीचे कुरकुरीत, दुसरीचे चिवट. पहिली म्हणते माझ्या पापडखाराचा गुण. पण पहिलीची गच्ची उन्हाची आणि दुसरीची सावलीची असेल, तर गुण खाराचा की उन्हाचा ते सांगता येणार नाही. औषधाचंही असंच. डॉक्टरांनी मनाने निवडलं, तर लहान ऑपरेशन ते धडधाकट, लहान गाठीवाल्या बाईचंच करणार, आणि मग ती जगली म्हणून लहान ऑपरेशन चांगलं ठरणार. म्हणून निवड डॉक्टरच्या हातातून काढून घ्यायची आणि भिशीसारखी चिठ्ठी काढायची. अशा परीक्षेला इथून पुढे मी "चिठ्ठीची चाचणी" म्हणणार आहे.

मिलानमध्ये दोन सेंटीमीटर किंवा त्याहून लहान गाठ असलेल्या ७०१ बायका होत्या. चिठ्ठीने ३४९ जणींना हॉलस्टेड पद्धतीचं मोठं ऑपरेशन मिळालं. ३५२ जणींचा स्तनाचा फक्त गाठ असलेला साधारण चौथा हिस्सा काढला आणि उरलेल्या भागाला शेक दिला. शेक म्हणजे रेडिएशन. आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. काखेतल्या ग्रंथी दोन्ही गटांत काढल्या.

माणसांवर चिठ्ठ्या टाकणं बरं आहे का?

काकांना हे ऐकूनच राग आला. "जिवंत बाईचं नशीब चिठ्ठीवर?" ही चीड मला समजते. पण चिठ्ठी तेव्हाच टाकतात जेव्हा दोनांतलं चांगलं कुठलं हे खरोखर कोणालाच माहीत नसतं. तपासणी होण्याआधीच्या ऐंशी वर्षांत लाखो बायकांचं नशीब तरी कशावर होतं? गावात कोण सर्जन आहे आणि त्याच्या गुरूने त्याला काय शिकवलं, यावर. तीही चिठ्ठीच होती, फक्त तिचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

१९८१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिलानचे पहिले आकडे आले: दोन्ही गट सारखेच जगत होते. तेव्हा लोक म्हणाले, थांबा, अजून वर्षं कुठे झालीत. व्हेरोनेसी थांबले. २००२ मध्ये वीस वर्षांचा हिशेब छापला. सगळ्या कारणांनी मिळून मृत्यू लहान ऑपरेशनच्या गटात ४१.७ टक्के, मोठ्या ऑपरेशनच्या गटात ४१.२ टक्के. हा फरक फरक म्हणण्याजोगाही नाही. त्याच अंकात फिशर यांच्या अमेरिकेतल्या १८५१ बायकांच्या चाचणीचा वीस वर्षांचा हिशेब आला, आणि तोही हेच सांगत होता. दोन देश, दोन वेगळे सर्जन, एकच उत्तर.

ही ओळ मी आत्याला दोनदा वाचून दाखवली. तिने विचारलं, "वीस वर्षं त्या बायकांना विचारत राहिले?" हो, राहिले. या कामात मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. ऑपरेशन दोन तासांत होतं. ७०१ बायकांची फाइल वीस वर्षं उघडी ठेवायला मात्र फार वेगळ्या तऱ्हेचा धीर लागतो.

ठेवलेल्या भागात परत आला तर?

येऊ शकतो. हे लपवायचं कारण नाही, आणि मिलानच्या डॉक्टरांनी लपवलंही नाही. वीस वर्षांत लहान ऑपरेशनवाल्या ३० जणींना त्याच स्तनात कॅन्सर परत आला. मोठ्या ऑपरेशननंतर छातीच्या जागी परत आला तो ८ जणींना. टक्क्यांत, ८.८ आणि २.३.

मग मृत्यू सारखे कसे? कारण जीव जातो तो बहुधा दूर उडालेल्या म्हातारीमुळे, अंगणात परत उगवलेल्या रोपट्यामुळे नव्हे. अंगणातलं रोपटं दिसतं आणि पुन्हा काढता येतं. म्हणूनच लहान ऑपरेशननंतर दरवर्षी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, करत राहणं हा त्या उपचाराचाच भाग आहे.

आणि शेक टाळायचा नाही. फिशर यांच्या चाचणीत नुसती गाठ काढलेल्या बायकांपैकी ३९.२ टक्क्यांना वीस वर्षांत त्याच स्तनात रोग परतला, शेक घेतलेल्यांत १४.३ टक्क्यांना. आमच्या ओळखीत एकीने गाठ काढली, "सगळं निघालं" म्हणून शेकाला गेलीच नाही. लहान ऑपरेशन आणि शेक ही एक जोडी आहे. वय बरंच झालेल्या आणि अगदी सौम्य गाठ असलेल्या काही बायकांत शेक वगळण्याचा विचार होतो, पण तो डॉक्टरने करायचा.

काहींना आजही पूर्ण स्तन काढण्याचा सल्ला देतात: गाठ फार मोठी असेल, एकाच स्तनात दूरदूर अनेक गाठी असतील, त्या जागी पूर्वी शेक दिलेला असेल, किंवा पिढीजात दोष असलेलं जनुक निघालं असेल. आणि एखादी बाई सगळं समजून घेऊन म्हणाली की मला पूर्णच काढायचंय, मनाला शांतता हवीय, तर तोही तिचा हक्क आहे. फक्त "जास्त कापलं म्हणजे जास्त जगेन" या समजावर तो निर्णय उभा असू नये.

काख आणि पोळचं दार

स्तन वाचला तरी काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या की कित्येकींचा हात सुजायचाच. व्हेरोनेसींनी पुढचा प्रश्न तिथे विचारला. सगळ्या ग्रंथी काढतो, आणि पुष्कळदा त्यांत काहीच सापडत नाही. मग आधी एकच बघितली तर?

आमच्या जुन्या वडोदऱ्यात हे समजावणं सोपं आहे. पोळ म्हणजे एका दाराची दाटीवाटीची गल्ली. तिच्यात शिरायचं तर त्या दारातूनच शिरावं लागतं. आत बाहेरचा माणूस आलाय का हे बघायला प्रत्येक घराची कडी वाजवायची गरज नाही, दाराशी बसलेल्याला विचारलं की पुरे. स्तनातून निघालेला द्रव काखेत आधी ज्या ग्रंथीत पोचतो, ती दाराशी बसलेली ग्रंथी. सर्जन गाठीजवळ निळा रंग किंवा थोडासा किरणोत्सारी द्रव टोचतात, तो पहिल्यांदा जिथे जातो ती ग्रंथी काढून तपासतात. ती स्वच्छ असेल तर बाकीच्या तशाच ठेवतात. ही युक्ती मुळात त्वचेच्या एका कॅन्सरसाठी निघाली होती. व्हेरोनेसींनी १९९४ मध्ये मिलानमध्ये उघडलेल्या युरोपियन कॅन्सर संस्थेत ती ५१६ बायकांच्या चिठ्ठीच्या चाचणीत तपासली आणि २००३ मध्ये निकाल छापला. दारावरची ग्रंथी स्वच्छ असलेल्या बायकांना काख मोकळी ठेवून तोटा झाला नव्हता, आणि हाताचा त्रास बराच कमी होता.

आत्याचा उजवा हात म्हणजे पुरणपोळी लाटणारा, शिवणयंत्र चालवणारा हात. गाठ उजव्याच बाजूला. या परिच्छेदापाशी ती पहिल्यांदा सैल होऊन बसली.

जिथे त्यांचं म्हणणं टिकलं नाही

इथपर्यंत वाचून वाटेल, हा माणूस म्हणेल ते खरं. तसं नाही, आणि म्हणूनच मला तो आवडतो.

'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेलं फेनरेटिनाइड नावाचं औषध दिलं, तर एका स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईला दुसऱ्या बाजूला होणारा कॅन्सर टळेल, अशी व्हेरोनेसींची आशा होती. २९७२ बायकांवर चाचणी केली. १९९९ मध्ये निकाल आला: एकूण बायकांत फायदा दिसला नाही. पाळी न थांबलेल्या बायकांत थोडी आशा दिसली, पण तेवढ्यावर कोणाला औषध लिहून देता येत नाही.

त्यानंतरची गोष्ट जास्त बोलकी आहे. रोज शेकासाठी हेलपाटे घालणं बायकांना जड जातं हे त्यांना दिसत होतं. म्हणून कल्पना निघाली की ऑपरेशनच्या टेबलावरच, गाठ काढल्या काढल्या एकदाच मोठा शेक द्यावा. किती सोयीचं! वडोदऱ्याला शेकासाठी छोटा उदेपूरहून, दाहोदहून येणाऱ्या बायकांना विचारा. १३०५ बायकांची चिठ्ठीची चाचणी झाली. २०१३ मध्ये निकाल छापला तेव्हा पाच वर्षांत त्याच स्तनात रोग परतण्याचं प्रमाण नेहमीच्या शेकात ०.४ टक्के होतं, एकदाच दिलेल्या शेकात ४.४ टक्के. मृत्यूंत फरक नव्हता, पण कल्पना होती तितकी चांगली ठरली नाही. आणि हे जाहीर केलं कोणी? त्यांच्याच संस्थेने, त्यांच्याच नावाने. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते.

लहान ऑपरेशनची कल्पनाही त्यांनी उचलून धरलेली आणि टेबलावरच्या शेकाचीही. दोन्ही सारख्याच पटणाऱ्या. त्यांतली कुठली खरी, हे व्हेरोनेसींच्या मोठेपणाने ठरलं नाही, चिठ्ठ्यांनी ठरलं.

मग त्यांची पुस्तकं?

आमच्या शेजारी एक जैन काकी राहतात, जिवाला जीव देणाऱ्या. त्यांनी कुठूनतरी वाचलं की इटलीचा एवढा मोठा कॅन्सर डॉक्टर जन्मभर शाकाहारी होता. आनंदाने आत्याकडे आल्या: "जोयुं? मटण छोडी दो." आमचं मराठा घर, रविवारचं मटण ठरलेलं. आत्या घाबरली. इतकी वर्षं खाल्लं म्हणून मला झालं का?

व्हेरोनेसी शाकाहारी होते हे खरं. फळं-भाज्यांच्या बाजूने आणि मांसाच्या विरोधात ते लिहीत आणि बोलतही खूप. पण मांस त्यांनी सोडलं ते जनावरांच्या मायेने, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. ती त्यांची श्रद्धा होती, सुंदर श्रद्धा. मात्र ती ७०१ बायकांच्या फाइलींतून निघाली नव्हती.

तपासून निघालेलं काय आहे? २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम, हे माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत घातलं. साधं लाल मांस "बहुधा करत असावं" या खालच्या यादीत. त्यात मुख्य बोलणं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं होतं, स्तनाच्या नव्हे. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा आकडा आला आणि वर्तमानपत्रांनी तो मोठ्या अक्षरांत छापला. त्याचा अर्थ शंभरांतल्या अठरांना होतो असा नाही. समजा शंभरांत पाच जणांना होणार होता, तर आता साधारण सहा. वाढ खरी आहे, पण आठवड्यातून एकदा मटण खाणाऱ्या आत्याच्या छातीतल्या गाठीचं ते कारण म्हणता येणार नाही. मटण कमी करून भाजी वाढवली तर बरंच, मीही तेच सांगितलं. पण अपराधी वाटून घ्यायचं नाही.

काकींना मी एक गोष्ट मात्र नीट सांगितली. व्हेरोनेसी तंबाखूच्याही विरोधात आयुष्यभर बोलले, आणि तिथे त्यांच्या श्रद्धेला पुराव्याचं पूर्ण पाठबळ आहे. त्याच जागतिक यादीत तंबाखू आहे, आणि तंबाखूशिवायची सुपारीही २००४ पासून आहे. आपल्या गुजरातेत पूर्ण शाकाहारी घरातला मुलगा सकाळी मावा चोळून तोंडात धरतो आणि घरचे त्याला अन्नाच्या पथ्याचं महत्त्व सांगत बसतात. काकींच्या धाकट्या मुलाच्या स्कूटरच्या डिकीत ती पुडी असते हे मला ठाऊक होतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

व्हेरोनेसी इतरही पुष्कळ बाबतींत बोलले. २०००-०१ मध्ये इटलीचे आरोग्यमंत्री होते, नंतर अणुऊर्जेच्या बाजूने उभे राहिले आणि अणुसुरक्षा संस्थेचे अध्यक्षही झाले. ही सगळी एका विचारी नागरिकाची मतं. ऐकण्याजोगी, पण ऑपरेशनबद्दलच्या त्यांच्या शब्दाचं वजन त्यांना आपोआप चढत नाही.

हे इटलीचं झालं, आपल्या बायकांना लागू पडतं?

ऑपरेशनचा भाग पडतो. अडचण दुसरीकडे आहे. मिलानच्या गाठी दोन सेंटीमीटरच्या आतल्या होत्या. आपल्याकडे पुष्कळ बायका गाठ लिंबाएवढी झाल्यावर येतात. दुखत नाही म्हणून, घरात लग्न आहे म्हणून, पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज म्हणून. गाठ लहान असताना हाती आली तरच लहान ऑपरेशन सहज होतं. मोठी असेल तर आधी किमो देऊन आकसवता येते का ते बघतात.

यावर मुंबईत मोठं काम झालं आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सुरुवात केली आणि वस्त्यांमधल्या १,५१,५३८ बायकांवर चाचणी चालवली. इथे चिठ्ठी बाईच्या नावाची नव्हती, वस्तीच्या नावाची होती. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या स्थानिक आरोग्यसेविका ठरावीक काळाने हाताने स्तन तपासत. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, वीज नाही, नुसती बोटं. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. तपासलेल्या वस्त्यांत कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, तेही त्यांनी तसंच छापलं. पुढे कोणी "हाताने तपासून काय कळतं" म्हणालं तर ही चाचणी सांगा.

शेकाचे हेलपाटेही आता कमी झालेत. पूर्वीच्या पाच आठवड्यांच्या जागी पुष्कळ जणींना तीन आठवड्यांत पंधरा वेळा दिला तरी चालतं. तेही चिठ्ठीच्या चाचण्यांनी दाखवून दिलं आहे.

आत्याचं काय ठरलं

तिने लहान ऑपरेशन निवडलं. दारावरची ग्रंथी स्वच्छ निघाली. पंधरा शेक झाले. रोज सकाळी आतेभाऊ तिला अॅक्टिव्हावर मागे बसवून नेई, आणि येताना ती मुद्दाम कमाटीबागेपाशी उतरून दोन फेऱ्या घाली. कातडी थोडी काळवंडली, थकवा आला, गेला. आता रोज एक हार्मोन रोखणारी गोळी आहे, पाच वर्षांसाठी.

मागच्या तपासणीला मी बरोबर होते. आत्याने पर्समधून घडी केलेला कागद काढला. त्यावर तिने दोनच प्रश्न लिहिले होते: गोळी पाच वर्षं घ्यायलाच हवी का, आणि बागेच्या दाराशी मिळतो तो जवारांचा, म्हणजे गव्हांकुरांचा, रस रोज प्यावा का. आणि विचारताना तिने एक जोडलं: "डॉक्टरसाहेब, हे चिठ्ठ्या टाकून बघितलेलं आहे, की तुमचं मत, ते पण सांगा."

सर्जननी चष्मा काढला, तिच्याकडे नीट बघितलं आणि खुर्ची जराशी पुढे ओढली.

"गोळी पाच वर्षं. ए तपासेलुं छे, बेन, हजारो बेनो पर," ते म्हणाले. "जवारानो रस मारी बा पीती'ती. एने गमतो. बस एटलुं." गोळी हजारो बायकांवर तपासलेली; रस त्यांच्या आईला आवडायचा, एवढंच.

आत्याने कागदावर गोळीपुढे "रोज, रात्री जेवल्यावर" असं लिहिलं. रसापुढे काही लिहिलं नाही. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.